दुकानातला संगणक घरून का दिसत नाही?

इचलकरंजीला माझ्या मेहुण्यांचा सुताचा व्यापार आहे. दुकान बाजारपेठेत, वखार गावाबाहेर आणि घर तिसऱ्याच टोकाला. दुकानाच्या कोपऱ्यात एक संगणक रात्रंदिवस चालू असतो. रोजकीर्द, खतावणी, कोणाची किती उधारी थकली, वखारीत कोणत्या काउंटचे सूत किती शिल्लक आहे, हे सारे त्याच्या पोटात. मेजांवरचे आणखी तीन संगणक आणि एक प्रिंटर याच संगणकाशी जोडलेले आहेत. इतर संगणकांना अशी सेवा पुरवणाऱ्या संगणकाला सर्व्हर म्हणतात.

एकदा मेहुणे मला म्हणाले, “अहो प्राध्यापक, दुकानात बसून मला न्यूयॉर्कचा कापसाचा भाव दिसतो. मग घरी बसून माझ्याच दुकानातली माझीच खतावणी का दिसू नये? अंतर तर जेमतेम दोन किलोमीटर!”

प्रश्न वरवर साधा वाटतो. पण विचार करू लागले की त्यातील गंमत ध्यानात येते. दुकानातून न्यूयॉर्कपर्यंत जाणारी वाट जर मोकळी आहे, तर त्याच वाटेने उलट येता का येऊ नये? तार तीच, यंत्रे तीच. मग जाणे सोपे आणि येणे अवघड, असे का व्हावे? या प्रश्नाचे उत्तर दुकानातील एका लहानशा डबीत दडलेले आहे. त्या डबीला राउटर म्हणतात. आज ती बहुतेक घरांतही असते. पण ती करते काय, हे फारच थोड्यांना ठाऊक असते.

पत्ते अपुरे पडले

इंटरनेटवरून जाणारा मजकूर लहान लहान तुकड्यांत जातो. प्रत्येक तुकडा म्हणजे जणू टपालातील एक पाकीट. पाकिटावर ज्याला ते पोचवायचे त्याचा पत्ता असतो आणि पाठवणाऱ्याचाही पत्ता असतो. हे पत्ते म्हणजे निव्वळ संख्या होत.

सप्टेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियमावलीनुसार हा पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे ३२ द्विमान अंकांचा असतो. प्रत्येक जागी ० किंवा १ असे दोनच अंक येऊ शकतात. म्हणून एकूण पत्ते २ चा ३२ वा घात इतके, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ झाले. वाचायला सोपे जावे म्हणून या ३२ अंकांचे आठ-आठचे चार गट करतात आणि प्रत्येक गट दशमान पद्धतीत लिहितात. उदाहरणार्थ, २०३.०.११३.२५. आठ अंकांच्या गटाची किंमत ० ते २५५ या दरम्यानच असणार; त्यामुळे पत्त्यात २५५ पेक्षा मोठी संख्या कधीच दिसत नाही.

इंटरनेटच्या जनकांपैकी एक, व्हिंट सर्फ, यांनी पुढे सांगितले आहे की ३२ बिट ही संख्या ठरली तेव्हा सारे काही प्रयोगाच्या अवस्थेत होते आणि प्रयोगापुरते एवढे पत्ते भरपूर वाटले. पण प्रयोग संपलाच नाही! १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हा एका टेलिफोनला एक संगणक जोडला जाई. आज एकाच घरात दोन-तीन फोन, एखादा संगणक आणि दूरदर्शन संचही इंटरनेटला जोडलेले आढळतात. पृथ्वीवरील माणसांची संख्याच २०२२ मध्ये ८ अब्जांवर गेली. पत्ते मात्र सव्वाचार अब्जच. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातील पत्त्यांचे शेवटचे गट वाटून झाले आणि मूळ कोठार रिकामे झाले.

तरीही इंटरनेट बंद पडले नाही. कारण या टंचाईवर एक युक्ती आधीच निघाली होती.

वाडा आणि देवडी

जुन्या पुण्यातील किंवा सांगलीतील एखादा वाडा डोळ्यांसमोर आणा. वाड्याला घरनंबर एकच, पण आत बिऱ्हाडे पंधरा-वीस. सारे टपाल एकाच घरनंबरावर येते. दाराशी देवडीवर बसलेला माणूस ते ज्याचे त्याला पोचते करतो.

राउटर हा असाच देवडीवरचा माणूस आहे. बाहेरच्या जगाला ठाऊक असलेला पत्ता एकट्या राउटरला मिळतो. आतील संगणकांना तो आपल्यापुरते खासगी पत्ते वाटतो. फेब्रुवारी १९९६ च्या नियमानुसार काही पत्ते केवळ अशा आतल्या वापरासाठी राखून ठेवले आहेत. १० ने सुरू होणारे सर्व, १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे आणि १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते हे ते होत. हेच पत्ते लाखो घरांत पुन्हा पुन्हा वापरले जातात. प्रत्येक वाड्यात ‘खोली नंबर ५’ असू शकते. त्याने पोस्टमनचा घोटाळा होत नाही, तसेच हे.

आता खरी मेख पाहू. दुकानातील १९२.१६८.१.२१ या संगणकाने न्यूयॉर्कचा भाव विचारणारे पाकीट बाहेर पाठवले. त्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून खासगी पत्ता तसाच राहिला, तर उत्तर परत येणार नाही. कारण बाहेरच्या जगात त्या पत्त्याला अर्थ नाही. म्हणून राउटर तो पत्ता खोडतो आणि तेथे स्वतःचा जाहीर पत्ता लिहितो. पण मग उत्तर आले की ते आतल्या कोणत्या संगणकाचे, हे त्याला कसे कळावे?

येथे आणखी एक क्रमांक उपयोगी पडतो. पोस्टाची इमारत एकच असली तरी तिकिटांची खिडकी वेगळी, मनीऑर्डरची वेगळी, बचत खात्याची वेगळी असते. तसेच प्रत्येक पाकिटावर पत्त्याबरोबर खिडकीचा क्रमांकही असतो. त्याला पोर्ट म्हणतात. हा क्रमांक १६ बिटांचा असतो. म्हणजे खिडक्या एकूण ६५,५३६. राउटर बाहेर जाणाऱ्या प्रत्येक संभाषणासाठी आपली एक मोकळी खिडकी निवडतो आणि वहीत नोंद करतो:

‘खिडकी ४०००७ : आतील संगणक १९२.१६८.१.२१, त्याची खिडकी ५१५१४, संभाषण न्यूयॉर्कच्या अमुक पत्त्याशी.’

उत्तर ४०००७ या खिडकीवर आले की राउटर वही पाहतो, पाकिटावर आतला पत्ता लिहितो आणि ते आत पाठवतो. संभाषण संपले किंवा काही काळ थांबले की नोंद खोडून टाकतो. या कल्पनेचा आराखडा एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी मे १९९४ मध्ये मांडला. तो तात्पुरता उपाय म्हणून सुचवला होता. आज तीस वर्षे उलटून गेली तरी त्यावरच काम भागते आहे.

मेहुण्यांच्या प्रश्नाचे उत्तर आता आपोआप मिळते. घरून निघालेले पाकीट दुकानाच्या जाहीर पत्त्यावर पोचते खरे. पण त्या संभाषणाची सुरुवात आतून झालेली नसल्याने राउटरच्या वहीत त्याची नोंदच नसते. चार संगणक आणि एक प्रिंटर, यांपैकी पाकीट कोणाचे? राउटरला ठरवता येत नाही आणि तो ते सरळ टाकून देतो. जाणे सोपे आणि येणे अवघड, याचे कारण तारेत नाही. ते देवडीवरील वहीत आहे.

वहीत कायमची नोंद

मग उपाय काय? उघड आहे. जी नोंद एरवी राउटर स्वतः करतो आणि पुसतो, ती आपण आपल्या हाताने कायमची करून ठेवायची. ‘बाहेरून अमुक खिडकीवर जे काही येईल ते सर्व्हरकडे पाठव’ एवढी सूचना पुरे होते. याला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. राउटरच्या व्यवस्थापनाच्या पानावर या नावाचा रकाना असतो. त्यात बाहेरचा पोर्ट, आतला पत्ता आणि आतला पोर्ट भरायचा.

मात्र यापूर्वी दोन गोष्टी स्थिर कराव्या लागतात.

पहिली म्हणजे सर्व्हरचा आतला पत्ता. राउटर हे पत्ते मागेल तसे, ठराविक मुदतीसाठी वाटतो. वीज गेली, सारी यंत्रे पुन्हा सुरू झाली, की कोणाला कोणता पत्ता मिळेल याचा भरवसा नाही. कायमच्या नोंदीत ज्याचा पत्ता लिहिला तो उद्या प्रिंटर असायचा! म्हणून सर्व्हरला १९२.१६८.१.५० असा एक पत्ता राखून ठेवायला राउटरला सांगावे लागते. प्रत्येक यंत्राच्या जोडणीला कारखान्यातून मिळालेला ४८ बिटांचा क्रमांक असतो; त्यावरून राउटर सर्व्हरला ओळखतो.

दुसरी म्हणजे दुकानाचा जाहीर पत्ता. साध्या जोडणीत तोही बदलता असतो. जास्त पैसे भरून कायमचा पत्ता घेता येतो. नाहीतर नावाचा आधार घ्यावा. इंटरनेटवर नावावरून पत्ता शोधून देणारी व्यवस्था पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये रचली. पत्ता बदलला की राउटरने स्वतःच त्या व्यवस्थेला नवा पत्ता कळवायचा, अशी सोय बहुतेक राउटरमध्ये असते. घर बदलले तरी पोस्टात नवा पत्ता कळवून ठेवावा, तसे हे आहे.

कधीकधी एवढे करूनही पाकीट पोचत नाही. अशा वेळी राउटरच्या पानावर त्याचा स्वतःचा बाहेरचा पत्ता पाहावा. तो १००.६४ ते १००.१२७ या दरम्यान असेल, तर आपला वाडा आणखी एका प्रचंड वाड्याच्या आत आहे असे समजावे. सेवा देणाऱ्या कंपन्यांनाही पत्ते अपुरे पडतात. म्हणून त्या शेकडो ग्राहकांना मिळून एक जाहीर पत्ता देतात. त्यासाठी हा पट्टा एप्रिल २०१२ मध्ये राखून ठेवण्यात आला. अशा वेळी बाहेरच्या देवडीवरील वही आपल्या हाती नसते. मग जाहीर पत्ता विकत घ्यावा लागतो, किंवा दुकान आणि घर या दोघांनीही बाहेरच्या एखाद्या मध्यस्थ संगणकाशी संभाषण सुरू करावे लागते. आतून सुरू झालेल्या संभाषणाची नोंद होतेच, हे आपण पाहिले आहे.

या टंचाईचा मुळावरचा उपाय म्हणजे १२८ बिटांचे नवे पत्ते. ते जून २०१२ पासून जगभर रीतसर वापरात आले. हे पत्ते २ चा १२८ वा घात इतके आहेत. म्हणजे ३४ वर ३७ शून्ये. तेथे प्रत्येक यंत्राला स्वतःचा जाहीर पत्ता मिळू शकतो. मात्र पत्ता मिळाला म्हणून कोणालाही आत घ्यावे असे नाही. राउटरचा पहारा तेथेही लागतोच. तो का, ते आता पाहू.

सोमवारची सकाळ

हे सारे मी मेहुण्यांना समजावून सांगितले आणि “दिवाळीच्या सुटीत येऊन करून देतो” म्हणालो. सुटीत माझे जाणे झाले नाही. त्यांनी मग गावातल्याच एका तंत्रज्ञाला बोलावले. त्याने अर्ध्या तासात राउटरमध्ये एक नोंद केली: पोर्ट ३३८९, सर्व्हरकडे. दूरच्या संगणकाचा पडदा आपल्या संगणकावर पाहण्याची जी प्रचलित सोय आहे, तिचा हा ठरलेला पोर्ट. त्याच संध्याकाळी मेहुण्यांना घरी खतावणी दिसली. सारे खूष झाले. तंत्रज्ञाला दोष देण्यात अर्थ नाही. जे मागितले तेच त्याने दिले होते.

साधारण दोन महिन्यांनी एका सोमवारी सकाळी दिवाणजींनी संगणक उघडला, तर एकही फाइल उघडेना. नावे बदललेली, आतील मजकूर अगम्य, आणि पडद्यावर इंग्रजीत एक चिठ्ठी: पैसे भरा, म्हणजे किल्ली देऊ. आठ वर्षांचे हिशेब कुलूपबंद झाले होते.

मी धावत गेलो. सर्व्हर आपल्याकडे कोण आले, कोण गेले याची टाचणे ठेवत असतो. ती उघडून पाहिली. त्यात ओळीमागून ओळ, पानामागून पान एकच मजकूर होता: प्रवेशाचा प्रयत्न, चुकीचा परवलीचा शब्द. आणि शनिवारी रात्री एक ओळ वेगळी होती: प्रवेश मिळाला. परवलीचा शब्द काय होता? दुकानाचे नाव आणि पुढे १२३.

मेहुण्यांनी पैसे भरले नाहीत. दिवाणजींनी एका खणात टाकलेल्या डिस्कवर अकरा दिवसांपूर्वीची प्रत होती. तिच्यावरून सारे पुन्हा उभे केले. मधल्या अकरा दिवसांची बिले पावतीपुस्तकांतील कार्बन प्रतींवरून भरली. पण तोंडी दिलेली उधारी होती, ती दिवाणजींच्या आठवणीवरच लिहावी लागली. तीन गिऱ्हाइकांशी त्यावरून कटुता आली, ती आजही पुरती गेलेली नाही.

आपला पत्ता कोणाला कळणार?

मेहुणे वारंवार एकच विचारत होते, “इचलकरंजीतल्या एका गल्लीतले माझे दुकान. ते शोधून काढायला कोणी कशाला बसेल?”

याचे उत्तर अंकगणितात आहे. एखाद्या यंत्राने दर सेकंदाला १० लाख पत्त्यांवर एकेक पाकीट टाकले, तर ४,२९,४९,६७,२९६ पत्ते संपायला सुमारे ४,२९५ सेकंद लागतील. म्हणजे ७२ मिनिटे! ही नुसती कल्पना नव्हे. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये असा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. एका साध्या संगणकावरून वेगवान जोडणीच्या साह्याने तो एका ठराविक पोर्टसाठी सारे इंटरनेट ४५ मिनिटांच्या आत तपासू शके. संशोधकांनी तो अभ्यासासाठी केला, पण तीच युक्ती चोरालाही येते. म्हणजे चोर तुमचे दुकान शोधत नसतो. तो जगातील प्रत्येक दाराची कडी हलवून पाहतो आणि जे उघडते तेथे शिरतो. आपण लहान आहोत, म्हणून सुरक्षित आहोत, ही समजूत येथे लागू पडत नाही.

काही जण ३३८९ ऐवजी दुसराच एखादा पोर्ट निवडतात. त्याने फार तर थोडा वेळ मिळतो. खिडक्या जास्तीत जास्त ६५,५३६. तेवढ्या तपासायला यंत्राला कितीसा वेळ लागणार?

परवलीचा शब्द कठीण असता तर? तो असायलाच हवा. पण दुसराही एक धोका आहे. उघड्या दारामागील प्रोग्रॅममध्येच दोष असेल, तर परवलीचा शब्द विचारलाही जात नाही. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा घातक प्रोग्रॅम सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांत शिरला. ब्रिटनमधील अनेक सरकारी रुग्णालयांचे कामकाज त्यामुळे कोलमडले. फाइलींच्या देवघेवीसाठी असलेल्या ४४५ क्रमांकाच्या पोर्टमागील एका दोषातून तो शिरत असे. त्या दोषावरील दुरुस्ती १४ मार्चलाच, म्हणजे दोन महिने आधी, प्रसिद्ध झालेली होती! ज्यांनी ती बसवली नाही, ते सापडले.

थोडक्यात, पोर्ट फॉरवर्डिंगची नोंद पाकीट कोठे न्यावे एवढेच सांगते. ते कोणी पाठवले, हे ती विचारत नाही. वाड्याचा दिंडीदरवाजा उघडा ठेवावा, पण येणाऱ्याची ओळख विचारू नये, तशातला हा प्रकार.

उघड्यावर ठरवलेले गुपित

तेव्हा हवे काय? ज्याच्याजवळ ठरलेली किल्ली आहे त्यालाच आत घेणारे, आणि इतरांना दार आहे याचा पत्ताही लागू न देणारे दार. पण किल्ली म्हणजे शेवटी एक गुप्त संख्या. घर आणि दुकान यांनी ती एकमेकांना कळवायची कशी? मधली वाट तर सर्वांना उघडी.

१९७६ मध्ये व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी या पेचावर एक सुंदर तोड प्रसिद्ध केली. ती तुम्ही वहीत करून पाहू शकता.

दोघांनी उघडपणे दोन संख्या ठरवल्या: २३ आणि ५. आता घराने मनात ४ ही गुप्त संख्या धरली. ५ चा ४ था घात ६२५. त्याला २३ ने भागले तर बाकी ४ उरते. घराने ही बाकी, ४, दुकानाला कळवली. दुकानाने मनात ३ धरले. ५ चा घन १२५. २३ ने भागून बाकी १०. दुकानाने १० कळवले.

आता घर दुकानाकडून आलेल्या १० चा ४ था घात करते: १०,०००. २३ ने भागून बाकी १८. दुकान घराकडून आलेल्या ४ चा घन करते: ६४. २३ ने भागून बाकी १८. दोघांकडे एकच संख्या आली, आणि १८ ही संख्या वाटेवरून गेलीच नाही! चोरून ऐकणाऱ्याला २३, ५, ४ आणि १० एवढेच कळले. त्यावरून मनातली संख्या काढायची तर एकेक घात करून पाहावे लागतील. २३ सारख्या लहान संख्येला ते सोपे आहे. पण प्रचंड संख्या घेतल्या तर आजच्या संगणकांनाही ते झेपत नाही.

आज याच कल्पनेची सुधारलेली रूपे वापरतात. २५६ बिटांच्या किल्ल्या वापरणाऱ्या एका प्रचलित पद्धतीत, आज ठाऊक असलेल्या उत्तम रीतीनेही किल्ली फोडायला सुमारे २ चा १२८ वा घात इतक्या पायऱ्या लागतात. सेकंदाला एक लाख कोटी पायऱ्या करणारे यंत्र घेतले, तरी विश्वाच्या आजवरच्या १,३८० कोटी वर्षांच्या आयुष्याच्या कोट्यवधी पट काळ लागेल. ‘दुकानाचे नाव आणि १२३’ याच्याशी याची तुलना करून पाहा.

भुयारी वाट

या किल्ल्यांच्या आधारे दोन ठिकाणांमध्ये जी गुप्त वाट तयार करतात, तिला व्हीपीएन म्हणजे आभासी खासगी जाळे म्हणतात. घरच्या संगणकातील पाकीट कुलूपबंद करून दुसऱ्या पाकिटात घालायचे आणि ते उघड्या वाटेने दुकानाच्या राउटरकडे पाठवायचे. तेथे बाहेरचे पाकीट फोडून आतले पुढे न्यायचे. वाटेत कोणी पाहिले तर त्याला बाहेरच्या पाकिटावरील पत्त्याखेरीज काही उमगत नाही. जणू घरापासून वाड्यापर्यंत भुयारच खणले.

यासाठी अनेक प्रोग्रॅम आहेत. जेसन डोनेनफेल्ड यांनी रचलेला वायरगार्ड हा त्यांतील एक; तो मार्च २०२० मध्ये लिनक्स या संगणक प्रणालीच्या गाभ्यात समाविष्ट झाला. त्याचा एक गुण मला विशेष वाटतो. योग्य किल्लीची खूण नसलेल्या पाकिटाला तो उत्तरच देत नाही. ‘चुकीची किल्ली’ असेही म्हणत नाही. प्रत्येक दाराची कडी हलवणाऱ्याला तेथे दार आहे की भिंत, हे कळत नाही.

मेहुण्यांकडे आम्ही अशी व्यवस्था केली. ३३८९ ची नोंद पुसून टाकली. राउटर जरा बऱ्यापैकी घेतला. तो व्हीपीएनचे काम स्वतःच करतो. ज्या राउटरला ते जमत नाही, त्यात व्हीपीएनचा तेवढा एक पोर्ट सर्व्हरकडे वळवावा. मेहुण्यांचा फोन आणि घरचा संगणक यांना वेगवेगळ्या किल्ल्या दिल्या. फोन हरवला तर तेवढीच एक किल्ली रद्द करता येते.

तरी पहिल्या दिवशी घोटाळा झालाच. घरच्या राउटरनेही १९२.१६८.१ हेच खासगी पत्ते वाटले होते. त्यामुळे १९२.१६८.१.५० म्हणजे घरातले यंत्र की भुयारापलीकडचे, हे घरच्या संगणकाला कळेना. दोन्ही वाड्यांत ‘खोली नंबर ५’ असते, ते येथे नडले. दुकानातील पत्ते बदलून १९२.१६८.४७ असे केले आणि काम झाले.

याखेरीज चार गोष्टी आम्ही पाळू लागलो:

१. राउटरबरोबर कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द पहिल्याच दिवशी बदलायचा. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या प्रोग्रॅमने असे न बदललेले साठेक शब्द वापरून लाखो कॅमेरे आणि राउटर काबीज केले, आणि त्यांच्या जोरावर २१ ऑक्टोबरला अमेरिकेतील अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडली.

२. राउटरच्या व्यवस्थापनाचे पान बाहेरून उघडण्याची सोय बंद ठेवायची. तसेच आतल्या एखाद्या यंत्राने मागितले की राउटरने आपणहून पोर्ट उघडावा, ही सोयही बंद ठेवायची.

३. राउटर आणि सर्व्हर यांच्या दुरुस्त्या आल्या की लगेच बसवायच्या.

४. दर संध्याकाळी हिशेबाची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यायची आणि ती डिस्क संगणकापासून सोडवून ठेवायची. जोडलेली राहिली तर कुलूप तिलाही लागते.

शेवटचे काम दिवाणजी करतात. दुकानाची कुलपे लावण्यापूर्वी डिस्क काढून पिशवीत टाकणे हा आता त्यांचा नेमच झाला आहे.

करून पाहा

तुमच्या फोनवर किंवा शाळेच्या संगणकावर जाळ्याची माहिती देणारे पान उघडा आणि त्याचा पत्ता पाहा. तो राखीव खासगी पत्त्यांपैकी आहे का? शिक्षकांना वर्गात एक खेळ घेता येईल. चार विद्यार्थी संगणक, एक राउटर आणि दोन बाहेरचे संगणक करावेत. फळ्यावर राउटरची वही मांडावी आणि कागदाच्या चिठ्ठ्या पाकिटे म्हणून फिरवाव्यात. वहीत नोंद नसलेली चिठ्ठी बाहेरून आली की राउटर झालेला विद्यार्थी का गोंधळतो, हे पाहताच सारा विषय उलगडतो.

एक सूचना मात्र ध्यानात ठेवा. हे प्रयोग स्वतःच्या घरच्या यंत्रावर आणि घरच्यांच्या संमतीनेच करावेत. दुसऱ्याच्या राउटरची कडी गमतीने हलवून पाहणेही २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने अंगाशी येऊ शकते.

आणि आता एक गणित. उघड संख्या २३ आणि ५ याच ठेवा. तुम्ही मनात ६ धरा, तुमच्या मित्राने ७ धरावे. दोघांकडे सारखे येणारे गुपित कोणते? (उत्तर : १२)